पडताळणीचे नियम एकाच ठिकाणी आणावेत का, आणि आणायचे तर कसे?

कोरा_कागद (धागालेखक)

आमच्याकडे एकाच प्रकारच्या नोंदींवर काम करणारी तीन सॉफ्टवेअर आहेत: ब्राउझरमधला अर्ज, मोबाइल ॲप आणि दिवसभरातल्या नोंदींच्या फायली रात्री वाचून पुढच्या प्रणालीत भरणारा प्रोग्राम. "समाप्तीची तारीख आरंभाच्या तारखेआधीची नसावी" हा एवढासा नियम या तिघांत मिळून चार जागी लिहिलेला मला गेल्या आठवड्यात सापडला. तीन जागी दोन्ही तारखा सारख्या असल्या तरी चालते, चौथ्या जागी, म्हणजे रात्रीच्या प्रोग्राममध्ये, चालत नाही. परिणामी दिवसा अर्जाने बिनतक्रार स्वीकारलेल्या काही नोंदी रात्री फेटाळल्या जात होत्या, आणि सकाळी आलेल्या माणसाला त्या हाताने दुरुस्त कराव्या लागत होत्या.

यावर उपाय म्हणून तिन्ही सॉफ्टवेअरना वापरता येईल असे एकच नियम-इंजिन लिहावे, असा माझा विचार आहे. कच्चा आराखडा असा: प्रत्येक नियम म्हणजे एक फंक्शन, त्याला पूर्ण नोंद द्यायची, त्याने होय किंवा नाही एवढेच सांगायचे. नियम डेटाबेसच्या तक्त्यात ठेवायचे, म्हणजे बदल करण्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागणार नाही. मला तीन बाबतींत मत हवे आहे. नियम कोडमध्ये असावेत की तक्त्यात? पहिली चूक सापडताच थांबावे की सगळ्या चुका गोळा कराव्यात? आणि वापरणाऱ्याला दिसणारा चुकीचा मजकूर नियमातच लिहावा का?

सूत्रधार

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या आराखड्यातली खरी अडचण तिथे उघडी पडते. नियमाने नुसते "नाही" म्हटले तर पुढे कोणालाच काही करता येत नाही. अर्जाला कोणत्या चौकटीभोवती लाल रेघ ओढायची ते कळायला हवे, फायलीच्या अहवालाला कितवी ओळ आणि कोणता रकाना हे कळायला हवे. म्हणून नियमाने निकालाची एक छोटी नोंद परत द्यावी: नियमाचा सांकेतिक क्रमांक, चूक कुठे आहे त्याचा मार्ग (उदाहरणार्थ "ओळी, तिसरी, प्रमाण"), चूक अडवणारी आहे की केवळ सूचना आहे, आणि मजकूर तयार करण्यासाठी लागणारी मूल्ये, म्हणजे कमाल किती चालते आणि प्रत्यक्षात किती आले.

मजकूर नियमात लिहू नये. मोबाइलवर एक ओळ मावते, अहवालात तीन ओळी चालतात, भाषा बदलते, शब्द बदलायला लावणारी माणसे तर दर तिमाहीला बदलतात. सांकेतिक क्रमांक मात्र एकदा दिला की त्याचा अर्थ कधीही बदलायचा नाही. नियमाचा अर्थ बदलला तर नवा क्रमांक द्यायचा आणि जुना निवृत्त करायचा. हे पथ्य पाळले नाही, तर दोन वर्षांपूर्वीच्या लॉगमधला क्रमांक आज काय म्हणतो आहे याचा पत्ता लागत नाही.

गाळणी

सूत्रधार यांच्याशी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालते की निकालाला दोन अवस्था पुरत नाहीत. "लागू नाही" ही तिसरी अवस्था हवी. समाप्तीची तारीख भरलेलीच नसेल, तर तुमच्या नियमाने काय सांगावे? होय म्हटले तरी खोटे, नाही म्हटले तरी खोटे.

हा प्रश्न नवा नाही आणि प्रत्येकाने तो आपापल्या परीने सोडवला आहे. जावा या प्रोग्रामिंग भाषेसाठी २००९ मध्ये बीन व्हॅलिडेशन या पडताळणी-पद्धतीचे पहिले प्रमाण आले. त्यातली लांबीची, ईमेलची बंधने मूल्य नल, म्हणजे भरलेलेच नसले, तर त्याला वैध मानतात, आणि मूल्य असलेच पाहिजे हे सांगायला स्वतंत्र बंधन लावावे लागते. जेसन या मजकूर-स्वरूपातल्या माहितीचे नियम लिहिण्याच्या जेसन स्कीमामध्ये किमान लांबीचे बंधन केवळ मजकुराला लागू होते. त्या जागी संख्या आली तर ते मुकाट्याने उत्तीर्ण होते. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत तर एकाच अटीचे दोन वेगळे परिणाम होतात. अटीचे उत्तर "अज्ञात" आले तर वेअरमध्ये (ओळी निवडताना) ती ओळ गळते, आणि तीच अट चेक बंधनात (ओळ साठवताना) असेल तर ती ओळ आत घेतली जाते. तेव्हा हे काम भाषेवर किंवा लायब्ररीवर सोडू नका. "रिकामे चालेल का" हा एक नियम आणि "असेल तर कसे असावे" हा दुसरा नियम, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून ठेवा.

उंटावरचा_शहाणा

आमच्याकडे होय, नाही आणि लागू नाही यांच्या जोडीला चौथी अवस्थाही आहे: "नियम लिहिणारे रजेवर आहेत."

रात्रपाळी

नियम तक्त्यात ठेवण्याच्या कल्पनेविषयी पोळलेल्या माणसाचे चार शब्द. मी पूर्वी जिथे काम करत होतो तिथे अगदी याच हेतूने असे इंजिन बांधले होते. पहिल्या महिन्यात तक्त्यात तीन रकाने होते: फील्डचे नाव, तुलनेचे चिन्ह आणि मूल्य. मग कोणाला तरी "आणि" व "किंवा" हवे झाले, म्हणून कंस आले. मग एका फील्डची तुलना दुसऱ्या फील्डशी करायची होती. मग तारखांची बेरीज-वजाबाकी आली, मग यादीतल्या प्रत्येक ओळीवर नियम चालवायचा होता म्हणून फिरणारा लूप आला. दीड वर्षाने आमच्याकडे एक संपूर्ण प्रोग्रामिंग भाषा तयार झाली होती; तिला डीबगर नव्हता, टेस्ट नव्हत्या, बदलांचा इतिहास नव्हता, आणि ती येणारी माणसे जगात दोनच होती.

एके दुपारी कोणीतरी चालू प्रणालीतल्या तक्त्यात जाऊन "पेक्षा मोठे किंवा समान" चे "पेक्षा मोठे" केले. कोणतीही आवृत्ती निघाली नाही, कोणाला निरोप गेला नाही. नेमकी मर्यादेवर बसणारी मूल्ये नाकारली जात आहेत हे कळायला आम्हाला नऊ दिवस लागले, कारण प्रत्येकजण कोडमध्ये काय बदलले ते शोधत होता आणि कोडमध्ये काहीच बदललेले नव्हते. तेव्हापासून माझे मत पक्के आहे: नियम कोडमध्ये ठेवावेत, आणि बदलणारे आकडे तेवढे बाहेर ठेवावेत.

अर्धविराम

रात्रपाळी, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. तुमचा घात नियम तक्त्यात असण्याने झाला नाही. तपासणीशिवाय आणि इतिहासाशिवाय बदलता येण्याने झाला. तोच बदल कोणी कोडमध्ये परस्पर करून थेट सर्व्हरवर चढवला असता, तर आपण कोडला दोष दिला असता का?

माझ्या कामात पात्रतेच्या अटी दर महिन्याला बदलतात आणि त्या ठरवणारी माणसे प्रोग्रामर नाहीत. त्यांना निर्णय-तक्ता वाचता येतो, नेस्टेड इफ, म्हणजे एकात एक गुंफलेल्या अटींचा कोड, वाचता येत नाही. निर्णय-तक्ते कसे लिहावेत याचे डीएमएन नावाचे प्रमाण २०१५ मध्ये आले, त्यात अशा तक्त्यांसाठी एक फार उपयोगी गोष्ट आहे: एकापेक्षा अधिक ओळी जुळल्या तर काय करायचे हे तक्त्याच्या माथ्यावरच जाहीर करावे लागते. एकच ओळ जुळली पाहिजे, पहिली जुळेल ती घ्यावी, की सगळ्या गोळा कराव्यात, हे आधीच ठरते. एकच ओळ जुळली पाहिजे असे जाहीर केले, की दोन ओळींचे एकमेकींवर चढणे आणि कोणत्याच ओळीत न बसणारी उदाहरणे यंत्राकडून शोधून घेता येतात. हीच गोष्ट कोडमध्ये विखुरलेल्या अटींत शोधणे म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसणे आहे.

आणि भाषा फुगत जाण्याची भीती असेल तर स्वतःची भाषा न रचता मुद्दाम आखूड ठेवलेली भाषा घ्यावी. गूगलची सीईएल ही अटी लिहिण्याची छोटी भाषा अशी आहे: तिच्यात अमर्याद लूप लिहिताच येत नाही, त्यामुळे प्रत्येक नियम कधी ना कधी संपतोच आणि त्याला किती खर्च येईल याचा अंदाज तो चालवण्याआधी बांधता येतो.

रात्रपाळी

मान्य आहे, तक्त्यावर माझा राग थोडा व्यक्तिगत आहे. परंतु "दर महिन्याला बदलणारे नियम" हे तुमच्याकडे आहेत, धागालेखकाकडे आहेत का? तारखांच्या क्रमाचा नियम दर महिन्याला बदलणार नाही, अशी आशा आहे.

प्रश्नचिन्ह

एक शंका. नियम-इंजिन म्हटले की रेटे अल्गोरिदमचा उल्लेख सगळीकडे वाचायला मिळतो. नियम शेकड्यांनी असतील तर ते वापरणे योग्य ठरेल का?

सूत्रधार

बहुतेक नाही. चार्ल्स फॉर्गी यांनी रेटे १९७० च्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार केला, तो तज्ज्ञ-प्रणालींसाठी. तिथे एका नियमाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्या नियमाचे कारण होतो, माहिती सतत थोडी थोडी बदलत राहते, आणि प्रत्येक बदलानंतर सगळे नियम पुन्हा तपासणे परवडत नाही. रेटे अर्धवट जुळलेल्या अटी लक्षात ठेवतो, म्हणजे स्मृती खर्चून वेळ वाचवतो.

पडताळणीत यातले काहीच नसते. नोंद समोर येते, नियम एकदा चालतात, निकाल निघतो, काम संपते. शेकडो साधी फंक्शन एका पाठोपाठ चालवायला संगणकाला डोळे मिटण्याइतकाही वेळ लागत नाही. शिवाय पडताळणीच्या नियमाने नोंदीत काहीही बदलू नये, हे माझे ठाम मत आहे. मोकळ्या जागा कापणे, अंकांचे रूप एकसारखे करणे ही कामे आधीच्या वेगळ्या टप्प्यात उरकावीत. नियम नोंद बदलू लागले की त्यांचा क्रम महत्त्वाचा होतो, आणि क्रम महत्त्वाचा झाला की नियम एकेकटा उचलून दुसरीकडे वापरता येत नाही.

तळटीप

सूत्रधार यांनी "आधीचा टप्पा" म्हटले आहे, त्यावर मराठी माणसांनी तरी थोडे थांबावे. "नावात फक्त अक्षरे असावीत" हा नियम युनिकोडच्या (सर्व लिप्यांतल्या खुणांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या) "अक्षर" या वर्गावर बेतून लिहिला, की "विद्या" हे नाव अवैध ठरते. त्यात व, द, य ही तीन अक्षरे आहेत, पण वेलांटी, हलन्त आणि काना हे तिन्ही युनिकोडच्या लेखी अक्षर नसून चिन्ह आहेत. लांबीचेही तेच. डोळ्यांना दोन अक्षरे, कोडपॉइंट (युनिकोडचे क्रमांक) सहा आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत बाइट अठरा. "कमाल लांबी ५०" हे बंधन अर्जात एका मापाने आणि डेटाबेसमध्ये दुसऱ्या मापाने मोजले, तर एकाने स्वीकारलेले दुसरा नाकारणारच.

याहून फसवे प्रकरण "दुसऱ्या" या शब्दाचे. तो "ऱ" हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येतो, आणि साधा र, हलन्त व न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक वापरूनही लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचे प्रमाणित रूप काढले तरी हे दोन एक होत नाहीत, कारण जोडक तसाच शिल्लक राहतो. "ही नोंद आधीच आहे का" हा नियम अशा वेळी निर्धास्तपणे "नाही" म्हणतो आणि त्याच मजकुराची दुसरी नोंद तयार होते.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे आमची विद्या तीन बाबतींत अवैध आहे, हे यंत्रालाही कळले तर.

गाळणी

मजकुरावरच्या नियमांचा विषय निघालाच आहे तर रेजेक्सबद्दल (मजकुराचा नमुना जुळवणाऱ्या सूत्राबद्दल) सावध करते. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या फायरवॉलमध्ये एक नवा नियम चढवला गेला. त्यातल्या रेजेक्समध्ये मागे फिरून पुन्हा पुन्हा जुळवून पाहण्याची संख्या इतकी वाढली की प्रोसेसर पूर्ण व्यापले गेले आणि सुमारे २७ मिनिटे त्यांच्यामागे असलेली संकेतस्थळे कोलमडली. यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की तो नियम काहीही अडवत नव्हता; तो केवळ निरीक्षणाच्या अवस्थेत होता. निकाल वापरायचा नसला तरी नियम चालवावा तर लागतोच. "आधी नुसते पाहू, मग अडवू" ही पद्धत चांगलीच आहे, मात्र प्रत्येक नियमाला वेळेची मर्यादा असल्याखेरीज ती सुरक्षित नाही.

निमूट

धागालेखकाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेले दिसत नाही. सगळ्या चुका गोळा कराव्यात, पण सरसकट नव्हे. वापरणाऱ्याने तारखेच्या जागी "उद्या" असे लिहिले, तर "तारीख ओळखता आली नाही" एवढीच चूक दाखवावी. "समाप्ती आरंभाआधी आहे", "कालावधी शून्य आहे", "तारीख भूतकाळात आहे" अशी तिची पिल्ले दाखवू नयेत. मी एका ठिकाणी एका चुकीच्या रकान्यापायी चौदा संदेश आलेले पाहिले आहेत, आणि वापरणाऱ्या बाईंनी त्यातला एकही न वाचता पान बंद केलेलेही पाहिले आहे.

म्हणून प्रत्येक नियमाने आपण कोणत्या फील्डवर अवलंबून आहोत ते जाहीर करावे. त्यातले एखादे फील्ड आधीच्या टप्प्यात नापास झाले असेल, तर इंजिनाने हा नियम चालवूच नये. टप्पे ढोबळमानाने तीन पुरतात: मूल्याचे रूप, मूल्यांचे परस्परसंबंध, आणि बाहेर विचारून तपासायच्या गोष्टी.

या तिसऱ्या टप्प्यापाशी उंटावरच्या शहाण्यांचा विनोद गंभीर होतो. बाहेरची सेवा बंद असेल तर नियमाचे उत्तर "होय" नाही, "नाही" नाही, आणि "लागू नाही" असेही नाही. "तपासता आले नाही" ही चौथी अवस्था खरोखर लागते. तिचे काय करायचे, थांबवायचे की नोंद बाजूला ठेवून पुढे जायचे, हे नियमाने ठरवू नये. ज्या सॉफ्टवेअरने नियम बोलावला त्याने ठरवावे. अर्ज "थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा" म्हणू शकतो, रात्रीच्या प्रोग्रामला तसे म्हणायला समोर कोणी नसते.

रात्रपाळी

निमूट यांच्या तिसऱ्या टप्प्याला जोडून: "हा क्रमांक आधी वापरलेला नाही" हा नियम इंजिनात जरूर ठेवा, पण त्यावर विसंबू नका. दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही "मोकळा आहे" असेच उत्तर मिळते आणि दोघीही तो लिहायला जातात. खरी राखण डेटाबेसच्या युनिक (एकच मूल्य दोनदा न स्वीकारणाऱ्या) बंधनानेच करायची. इंजिनातला नियम वापरणाऱ्याला लवकर आणि नीट शब्दांत सांगण्यापुरता. डेटाबेसने दिलेली चूक त्याच सांकेतिक क्रमांकात रूपांतरित केली, की वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही.

कोरा_कागद (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. निकालाची रचना आणि टप्पे मी जसेच्या तसे घेत आहे. नवी अडचण अशी: मी "शीर्षक रिकामे नसावे" हा नियम चाचणीसाठी सर्वत्र लागू केला आणि जुन्या नोंदींनी रांगेत उभे राहून मान टाकली. एका सहकाऱ्याला जुन्या नोंदीतला फक्त फोन क्रमांक बदलायचा होता. त्याला शीर्षकाची चूक दिसली, आणि त्या पडद्यावर शीर्षकाची चौकटच नाही.

अर्धविराम

हा या विषयातला सर्वांत अवघड भाग आहे आणि इंजिन बांधणारे बहुतेकजण तो शेवटी शिकतात. नियमाला केवळ नवी नोंद दिली तर त्याला भूतकाळ कळत नाही. त्याला जुनी नोंदही द्या. कुबरनेटीस या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या प्रणालीत सीईएलचे नियम लिहिताना नवे मूल्य आणि जुने मूल्य दोन्ही हाताशी असतात, त्यामुळे "हे फील्ड एकदा भरल्यावर बदलता येणार नाही" असे नियमही लिहिता येतात. तुमच्या प्रकरणात धोरण असे ठेवता येईल: जे फील्ड या बदलात हाललेच नाही, त्याची जुनी चूक अडवणारी न मानता सूचना म्हणून दाखवायची, फील्डला हात लावला, की नियम पूर्ण ताकदीने लागू.

त्याखेरीज प्रत्येक नियमाला अंमलाची तारीख द्या, आणि "आज" म्हणजे कोणता दिवस हे नियमाला बाहेरून सांगा. नियमाने स्वतः घड्याळ पाहिले तर गेल्या महिन्याची फाइल आज पुन्हा चालवल्यावर वेगळा निकाल येतो, आणि टेस्ट तर मध्यरात्री आपोआप मोडतात.

तळटीप

इतके सगळे वाचून मूळ प्रश्नाकडे परत येतो: यातले पुनर्वापराचे नक्की काय उरले? माझ्या मते नियम थोडेच आणि चौकट बरीच. जगभर एकच अर्थ असलेले नियम खुशाल वाटून घ्यावेत. कार्ड क्रमांकाचा लून तपास-अंक (ज्याचे पेटंट १९६० मधले आहे आणि जो शेजारच्या ०९ व ९० ची अदलाबदल ओळखू शकत नाही), आयबॅन या आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची ९७ ने भागून बाकी १ येण्याची अट, १९०० हे लीप वर्ष नाही पण २००० आहे, हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये बदलत नाही. बाकीच्या नियमांचा अर्थ ज्या कामासाठी ते लिहिले त्या कामाला चिकटलेला असतो.

शिवाय तुमची तीन सॉफ्टवेअर एकाच भाषेत लिहिलेली नसतील, असे गृहीत धरतो. तसे असेल तर कोड वाटून घेण्याच्या मागे न लागता उदाहरणे वाटून घ्या. जेसन स्कीमाच्या वेगवेगळ्या भाषांतल्या अंमलबजावण्या एकाच सामाईक चाचणी-संचावर तपासल्या जातात, आणि तो संच म्हणजे नुसत्या जेसन फायली असतात: ही नोंद, हा अपेक्षित निकाल. तुमच्या तारखांच्या नियमासाठी अशी दहा उदाहरणे तिन्ही सॉफ्टवेअरच्या टेस्टमध्ये ठेवली असती, तर समान तारखांचे उदाहरण पहिल्याच दिवशी कोणा एकाकडे लाल झाले असते.

प्रश्नचिन्ह

आणि लाल झाल्यावर बरोबर कोण, हे कोणी ठरवायचे?

कोरा_कागद (धागालेखक)

प्रश्नचिन्ह, तुमच्या या एका ओळीने माझे दोन दिवस खाल्ले, पण त्याचा उपयोग झाला. तळटीप यांच्या सांगण्याप्रमाणे उदाहरणांची फाइल तयार करायला घेतली आणि समान तारखांच्या उदाहरणापुढे अपेक्षित निकाल काय लिहावा हे ठरेना, म्हणून नोंदी प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना जाऊन विचारले.

अर्जात समाप्तीची तारीख म्हणजे शेवटचा दिवस, तोही धरून. ५ तारखेपासून ५ तारखेपर्यंत म्हणजे एक दिवस, आणि असे एका दिवसाचे अर्ज पुष्कळ येतात. रात्रीच्या प्रोग्राममध्ये मात्र समाप्ती म्हणजे ज्या क्षणी कालावधी संपतो तो क्षण, तो दिवस सोडून. तिथे एक दिवस म्हणजे ५ ते ६, आणि ५ ते ५ म्हणजे शून्य कालावधी. म्हणजे मी ज्या चौथ्या जागेला दोष देत होतो, तिचा नियम बरोबर होता, आणि बाकीच्या तीन जागांचाही बरोबर होता. चूक होती ती अर्जातल्या नोंदी फाइलमध्ये लिहिणाऱ्या कोडमध्ये. तिथे एक दिवस मिळवायचा राहिला होता. दुरुस्ती एका ओळीची निघाली. पण त्यामुळे आता आणखी एक शंका आली आहे: ज्या नोंदींच्या तारखा समान नव्हत्या, त्या रात्री मुकाट स्वीकारल्या गेल्या, आणि त्या प्रत्येकीत एक दिवस कमी आहे.

रात्रपाळी

किती वर्षांपासून?

कोरा_कागद (धागालेखक)

तेच मोजत बसलो आहे. इंजिनाचे काम पुढच्या महिन्यावर ढकलले आहे. फील्डची नावे मात्र आजच बदलली: एकीकडे "शेवटचा दिवस", दुसरीकडे "समाप्तीचा क्षण".